नाकारलेला वारसा : जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सु

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि आम्हांस त्याचा मुळीच राग येत नाही. एक तर जपानी संगीत. त्यात ते विजेच्या यंत्रांवर तयार झालेले. आणि वर त्याला 'प्रायोगिक' हे विशेषण चिकटलेले! नाटकाला हे विशेषण लागले की निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, मग गाण्याची काय कथा! परंतु आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती केवळ गाण्याची नाही. एका पराभूत राष्ट्रातील एका तरुणाला आपल्या पूर्वजांच्या संगीताची शिसारी का आली, पुढे त्याच संगीतापाशी तो कसा परतला, आणि परतीच्या वाटेवर एका यंत्राने त्याला हात कसा दिला, अशी ती हकीकत आहे. त्या तरुणाचे नाव तोरु ताकेमित्सु. जन्म टोकियो येथे ८ ऑक्टोबर १९३० रोजी. मृत्यू त्याच शहरी २० फेब्रुवारी १९९६ रोजी.

ही शिसारी नीट कळावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. १८६८ साली मेजी राजवट सुरू झाली आणि पाश्चात्त्य विद्या उचलण्याचा जपानने जो सपाटा लावला तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आगगाड्या, तोफा, कायदेकानू, दवाखाने यांच्याबरोबर त्या यादीत संगीतही होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. १८७९ साली सरकारने संगीताच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र खाते काढले. इसावा शुजी हे त्याचे प्रमुख. दुसऱ्याच वर्षी ल्यूथर व्हाइटिंग मेसन हे अमेरिकन संगीतशिक्षक टोकियोत येऊन दाखल झाले. या खात्याने शाळांसाठी गाण्यांची पुस्तके काढली, आणि युरोपीय सुरावटींवर जपानी शब्द बसवलेली गाणी वर्गावर्गांतून घोकली जाऊ लागली. दोन पिढ्यांत परिणाम असा झाला की नुसते 'संगीत' म्हटले की पियानो आणि व्हायोलिन डोळ्यांपुढे यावे, आणि घरच्या संगीताची ओळख करून देण्यासाठी त्याला 'होगाकु', म्हणजे स्वदेशी संगीत, असे वेगळे नाव घ्यावे लागावे. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहणे म्हणतात ते हेच.

पण पाहुण्याला एके दिवशी एकदम मानाच्या पाटावर बसवण्यात आले. १९३० नंतर लष्करी राज्यकर्त्यांना राष्ट्राभिमानाची निकड भासू लागली, तेव्हा जे जे जुने आणि जपानी ते ते पवित्र ठरले. बिवा नावाच्या तंतुवाद्यावर योद्ध्यांच्या कथा गाण्याची जुनी प्रथा होती. तिला तर या काळात चांगलेच दिवस आले. १९४३ साली अमेरिकन आणि ब्रिटिश संगीतावर सरकारने बंदी घातली. एखाद्या मुलाच्या मनात आपल्या संगीताविषयी कायमचा तिटकारा उत्पन्न करावयाचा असेल, तर ते त्याला सक्तीने ऐकवावे आणि बाकीचे चोरून ऐकावयास लावावे, यासारखा दुसरा उपाय नाही.

ताकेमित्सु जन्मानंतर महिनाभरातच आईवडिलांबरोबर मांचुरियातील दाइरेन या गावी गेले. वडील तेथे नोकरीस होते आणि त्यांना जाझ संगीताचा षोक होता. १९३८ साली शाळेसाठी मुलाला टोकियोस परत पाठवण्यात आले, आणि त्याच साली वडील वारले. मुलगा ज्या मावशीकडे राहिला ती कोतो शिकवीत असे. म्हणजे देशी वाद्याचा नाद या मुलाच्या कानांवर रोज पडत होता. पुढे ते लिहितात की तो नाद ऐकला की त्यांना युद्धाच्या कडवट आठवणी येत. इतके हे संगीत त्या दिवसांशी एकजीव झाले होते.

१९४४ साली चौदा वर्षांच्या या मुलाला शाळेतून उचलून डोंगरातल्या एका लष्करी तळावर कामास जुंपण्यात आले. बराकीतले जिणे कठोर होते. एके दिवशी एका तरुण सैनिकाने काही मुलांना मागच्या खोलीत नेले आणि एक हाताने किल्ली द्यावयाचा ग्रामोफोन काढला. पोलादी सुई मिळेना म्हणून त्याने बांबूची काडी तासून सुई केली होती. तिच्यावर त्याने एक फ्रेंच प्रेमगीत लावले. त्या मुलाला हा प्रकार विलक्षण वाटला. आपण संगीताकडे वळलो ते या क्षणामुळे, असे ताकेमित्सु जन्मभर सांगत आले. बांबूची सुई, फ्रेंच गाणे आणि जपानी बराक! पुढे त्यांच्या संगीतात जे जे आले त्याची सारी सामग्री त्या खोलीत होती, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. पण तो आवरलेला बरा. त्या घटकेला त्या मुलाला एवढेच कळले की पलीकडे दुसरे जग आहे आणि आपल्याला तिकडे जावयाचे आहे.

युद्ध संपले. देश बेचिराख झालेला, टोकियोत अमेरिकन सैन्य. ताकेमित्सु यांना क्षयाची बाधा होती. अंथरुणावर पडून ते अमेरिकन लष्कराच्या नभोवाणीवरचे संगीत तासन् तास ऐकत. काही काळ त्यांनी योकोहामा येथील अमेरिकन तळावर नोकरी केली, कारण तेथे पियानो होता आणि फावल्या वेळी त्याला हात लावण्याची मुभा होती. स्वतःचा पियानो घेण्याची ऐपत नव्हती. रस्त्याने जाताना एखाद्या घरातून पियानोचा आवाज आला की दार ठोठावून, थोडा वेळ वाजवू द्याल का, असे ते विचारीत. पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून त्यावर बोटे फिरवण्याचा उद्योगही त्यांनी केला. १९४८ पासून कियोसे यासुजी यांच्याकडे त्यांचे थोडेबहुत शिक्षण झाले. एरवी हा माणूस स्वतःच शिकला. याच दिवसांत एके दिवशी त्यांच्या दाराशी एक पियानो येऊन थांबला. तो पाठवला होता तोशिरो मायुझुमी या संगीतकाराने. दोघांची तोवर भेटही नव्हती. या माणसाजवळ पियानो नाही, एवढे मायुझुमी यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. श्रोत्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

१९५० च्या अखेरीस ताकेमित्सु यांची पियानोवरची एक रचना प्रथमच लोकांपुढे आली. यामाने गिंजी या वजनदार टीकाकाराने तिच्याविषयी लिहिले की हे संगीताच्या आधीचे काहीतरी आहे. म्हणजे अजून संगीत झालेलेच नाही. वीस वर्षांचा तो तरुण चित्रपटगृहाच्या अंधारात जाऊन रडला. पण आम्हांस वाटते, टीकाकाराने न कळत वर्मावर बोट ठेवले होते. स्वरांची मांडणी करण्यापूर्वी मुळात एकेक ध्वनी काय असतो, याचाच शोध ताकेमित्सु यांना घ्यावयाचा होता. १९४८ साली खचाखच भरलेल्या भुयारी आगगाडीतून जाताना त्यांच्या मनात विचार आला होता, की भोवतालचा हा गोंगाट संगीताच्या सुरांत का मिसळू नये? पुढे त्यांना कळले की नेमक्या त्याच साली पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांनी आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचीच एक रचना केली होती. एकाच वेळी दोन शहरांत दोघांना एकच गोष्ट सुचली, ती त्या वेळी हवेतच होती म्हणून.

हवेत होती ती गोष्ट हातात येण्यास मात्र यंत्र हवे होते, आणि ते १९५० साली आले. पुढे सोनी या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या टोकियोतील कंपनीने त्या वर्षी जपानचे पहिले टेपरेकॉर्डर विक्रीस काढले. या यंत्राचे महत्त्व काय, ते थोडे सांगितले पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज कोरला की कोरला. त्यात फेरफार नाही. फितीचे तसे नाही. फीत कात्रीने कापता येते, चिकटवता येते, उलटी फिरवता येते, मंद केली तर आवाज खर्जात उतरतो, जलद केली तर टिपेला चढतो. वाद्याचा आघात कापून टाकला आणि मागचा नुसता गुंजारव ठेवला, तर ओळखीचे वाद्य अनोळखी होऊन बसते. नाद हा शिंप्याच्या हातातल्या कापडासारखा झाला. आजच्या मुलांना संगणकावर हे खेळासारखे वाटते. पण त्या वेळी प्रत्येक ठिगळ हाताने जोडावे लागे, आणि जोडताना तोच ध्वनी शंभर वेळा ऐकावा लागे. यातले शंभर वेळा ऐकणे आमच्या हकीकतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

१९५१ साली टोकियोतील काही तरुण चित्रकार, कवी आणि संगीतकारांनी एक मंडळ काढले. कवी ताकिगुची शुझो यांनी त्याला 'जिक्केन कोबो', म्हणजे प्रयोगशाळाच म्हणा ना, असे नाव दिले. ताकेमित्सु आणि त्यांचे मित्र युआसा जोजी हे त्यात होते. या मंडळींनी फितीवरचे संगीत करावयास घेतले. इकडे मायुझुमी पॅरिसला जाऊन शेफेर यांचे प्रयोग ऐकून आले होते. त्यांनी १९५३ साली जपानमधील या तऱ्हेची पहिली रचना केली. १९५५ साली जपानच्या नभोवाणी संस्थेने, एन्. एच्. के. ने, जर्मनीतील कलोनच्या धर्तीवर टोकियोत विद्युत् संगीताची कार्यशाळा उघडली, आणि तेथेही पहिले पाऊल मायुझुमी यांचेच पडले. तेथे निसर्गातला कोणताच आवाज घ्यावयाचा नव्हता. ज्यात एकही उपस्वर नाही असा विजेने निर्माण केलेला निर्भेळ सूर घ्यावयाचा आणि असे अनेक सूर एकमेकांवर रचून नवा नाद घडवावयाचा. हे सूर ऐकावयास फारसे सुखद असतात असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टर कान तपासताना जो सूर ऐकवतात, त्याचे हे भाऊबंद.

ताकेमित्सु यांना या निर्भेळ सुरांपेक्षा जगातले खरेखुरे आवाज अधिक प्रिय. १९५६ साली त्यांनी एक रचना केली, तिच्यात वाद्य नाही आणि गाणेही नाही. दोन अभिनेते 'आइ' हा एकच शब्द नाना तऱ्हांनी उच्चारतात. कुजबुजून, ओरडून, लाडाने, भेदरून. आणि त्या उच्चारांचे तुकडे फितीवर जोडलेले आहेत. जपानीत या शब्दाचा अर्थ प्रेम. मराठी माणसाच्या कानाला तो 'आई' असाच ऐकू येतो, आणि एकदा तसा ऐकू आला की सारी रचना अंगावर काटा आणते. पण तो आमच्या भाषेचा चमत्कार, त्याचे श्रेय ताकेमित्सु यांना देता येत नाही. १९६० साली त्यांनी केवळ पाण्याच्या आवाजातून एक रचना सिद्ध केली. थेंब पडण्याचे आवाज टिपून त्यांचा वेग आणि उंची बदलली. आणि काय झाले? ते थेंब नो नाटकातल्या त्सुझुमी ढोलकीसारखे बोलू लागले. दोन आघातांमधली लांबलचक शांतता, मग एक टणक थाप, मग पुन्हा शांतता.

हकीकतीला वळण लागते ते या सुमारास. १९५८ च्या आसपास ताकेमित्सु सहज म्हणून बुन्राकु, म्हणजे जपानी बाहुल्यांचे नाटक, पाहावयास गेले. त्यात कथा गाणाऱ्याच्या साथीला जाड दांडीचे शामिसेन असते. त्याचा नाद ऐकून हा तिशीकडे झुकलेला संगीतकार हादरून गेला. लहानपणापासून ज्याचा तिटकारा केला ते हे! आपण जपानी आहोत ही गोष्ट तोवर आपण टाळीत आलो होतो, असे त्यांनी नंतर मोकळेपणाने कबूल केले आहे. प्रश्न असा, की कान तेच आणि वाद्य तेच, मग आताच काय झाले? चरित्रकार याची निरनिराळी कारणे देतात. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांचा परिणाम झाला, असे स्वतः ताकेमित्सुही सांगतात; आणि एका अमेरिकनाने जपान्याला जपान दाखवावे हा योग मौजेचा खरा. पण केज जपानला आले १९६२ साली. बुन्राकुचा धक्का त्याआधीचा. आमच्या मते उत्तर त्या फितीत आहे. पाश्चात्त्य संगीत शिकलेला कान स्वर ऐकतो: हा कोमल, हा तीव्र, याच्यामागून तो. फितीवर काम केलेला कान नाद ऐकतो: तो कसा उमटला, त्यात किती खरखर आहे, तो विझताना काय होते. वर्षानुवर्षे एकेक ध्वनी शंभर वेळा ऐकून ताकेमित्सु यांचा कान असा घडला होता. आणि शामिसेन व बिवा ही वाद्ये नेमकी याच कानासाठी बनवलेली आहेत.

हे आपल्याकडच्या श्रोत्यांस समजावून सांगणे सोपे आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतो, आणि गवई तारेखाली सुताचा दोरा सरकवीत ती जागा शोधतो. तार घोडीच्या पाठीला पुसटशी घासली पाहिजे; घासली नाही तर आवाज मुका, फार घासली तर घोगरा. बरोबर जागा सापडली की एका तारेतून दहा सूर झिणझिणू लागतात. शामिसेनची खर्जाची तार अशीच मुद्दाम लाकडाला टेकवलेली असते, आणि बिवाच्या रुंद पडद्यांवरही तार अशीच घासून झणकारते. या झणकाराला जपानी लोक 'सावारी' म्हणतात. जवारी आणि सावारी! हे दोन शब्द एकाच मुळाचे म्हणून छातीठोकपणे सांगण्याचा मोह कोणासही होईल. पण सावारी हा शब्द 'स्पर्श करणे' या अर्थाच्या जपानी क्रियापदापासून झालेला आहे, आणि नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्तीचे इमले बांधण्याची हौस आपल्याकडे आधीच फार आहे. सावारीचा दुसरा अर्थ अडथळा. ताकेमित्सु यांना हा दुसरा अर्थ फार आवडे. पाश्चात्त्य वाद्यांचा इतिहास म्हणजे नादातील खरखर काढून टाकण्याचा इतिहास. जपानी कारागीर मात्र तारेच्या वाटेत जाणूनबुजून अडथळा ठेवतो आणि त्यातून नादाला जन्म देतो, असे ते लिहीत.

बिवाशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते व्युत्पत्तीसारखे पोकळ नाही. जपानात बेन्झाइतेन नावाची देवता पूजली जाते आणि तिच्या हातात बिवा असते. ही आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती तिकडे गेली. ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानात पोहोचला आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले. त्याच नारा शहरातील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील पाच तारांची एक बिवा जपून ठेवलेली आहे. वाद्याचा हा पंचतंत्री प्रकार मूळ भारतातला मानतात, आणि त्या काळचा तसा दुसरा नमुना जगात कोठे उरलेला नाही. चार तारांचा प्रकार इराणकडून चीनमार्गे आला. म्हणजे लष्करशहांनी जे वाद्य निखळ जपानी म्हणून मिरवले, त्याची मुळे अशी दूरवर पसरलेली!

ताकेमित्सु स्वतः काही काळ बिवा शिकले. मग त्यांनी ती प्रथम चित्रपटात आणली. कोबायाशी मासाकी यांच्या १९६२ च्या 'सेप्पुकु' या चित्रपटात बिवा आहे. आणि हा चित्रपट सामुराईंच्या शौर्याचा गौरव करणारा नसून त्या शौर्याच्या नावाखाली चालणाऱ्या ढोंगावर आसूड ओढणारा आहे. ज्या वाद्याने योद्ध्यांची स्तुतिस्तोत्रे गायिली, त्याच वाद्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले! १९६४ साली कोबायाशी यांचा 'काइदान' हा भुतांच्या चार कथांचा चित्रपट तयार झाला, आणि आमच्या मते यंत्र आणि परंपरा यांची खरी गाठ येथे पडली. पहिल्या कथेत एक सामुराई टाकलेल्या बायकोकडे पडक्या घरात परततो. तेथे संगीत असे नाहीच. लाकूड चिरल्याचे, तडकल्याचे आवाज आहेत, फितीवर बदललेले. पडद्यावर फळी मोडते तेव्हा आवाज येत नाही. येतो तो भलत्याच क्षणी. दुसऱ्या कथेत हिमवादळाच्या जागी शाकुहाची ऐकू येते, पण यंत्रातून अशी काढलेली की बासरी कोणती आणि वारा कोणता, हे ओळखू नये. तिसरी कथा आंधळ्या बिवावादकाची. ११८५ सालच्या दान-नो-उरा येथील युद्धात बुडून मेलेल्या योद्ध्यांची भुते त्याला रोज रात्री बोलावून आपल्याच मरणाची कथा गाववून घेतात. तेथे मात्र बिवा जशीच्या तशी आहे. यंत्राने तिला बोट लावलेले नाही.

ती बिवा वाजवली होती त्सुरुता किन्शी यांनी. या बाईंविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. जन्म १९११. लहानपणीच नावारूपास आलेल्या, मग वादन सोडून कित्येक वर्षे व्यवसायात गढलेल्या, आणि उतारवयाकडे झुकताना पुन्हा वाद्य हाती घेतलेल्या. पुरुषी पोशाखात वावरत. सात्सुमा बिवा हे मूळचे सामुराईंचे वाद्य. पंख्याएवढी लाकडी नखी तारेवर आणि लाकडावर एकदम आदळावयाची. दोन पडद्यांच्या मधे तार दाबून सूर वर ओढावयाचा, आपल्या सतारीच्या मींडेप्रमाणे. त्सुरुता यांचा एकेक आघात ऐकताना वाटते, की एवढ्यावरच मैफल संपली तरी चालेल. त्यांच्या जोडीला योकोयामा कात्सुया हे शाकुहाचीवादक. शाकुहाची ही पाच भोकांची बांबूची बासरी, लांबी साधारण चौपन्न सेंटीमीटर. एके काळी डोक्यावर टोपली पालथी घालून भिक्षा मागणारे झेन पंथाचे भिक्षू ती वाजवीत. १८७१ साली सरकारने तो पंथच मोडून टाकला. बुडून मेलेल्यांची कथा सांगणारे वाद्य आणि मोडलेल्या पंथाची बासरी, यांना पूर्वी कोणी एकत्र वाजवीत नसे. दोघांची घराणी निराळी, रिवाज निराळे. ताकेमित्सु यांनी १९६६ साली 'ग्रहण' या अर्थाच्या नावाची रचना करून ती प्रथम एकत्र आणली.

या रचनेचे ध्वनिमुद्रण सेइजी ओझावा या तरुण संगीतचालकाने न्यूयॉर्कला लेनर्ड बर्न्स्टाइन यांना ऐकवले, आणि त्यातून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या सव्वाशेव्या वर्षासाठी नवी रचना करण्याचे आमंत्रण आले: बिवा, शाकुहाची आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद. आमंत्रण मानाचे होते, तितकेच घातक. पूर्व आणि पश्चिम यांच्या मधुर मीलनाची अपेक्षा सगळ्यांनाच होती. ताकेमित्सु डोंगरात जाऊन बसले आणि त्यांना कळून चुकले की हे मीलन होणार नाही. काम सोडून द्यावे असेही त्यांच्या मनात आले. शेवटी त्यांनी ठरवले की मिसळावयाचेच नाही. फरक जितका दाखवता येईल तितका दाखवावयाचा. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ओझावा यांच्या हाताखाली 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना न्यूयॉर्कला वाजली. तीत अकरा पायऱ्या आहेत, आणि जपानीत नोव्हेंबरला अकरावा महिनाच म्हणतात. दोघे जपानी वादक मधे बसतात. वृंदाचे दोन तुकडे डावीउजवीकडे, समोरासमोर ठेवलेल्या दोन ध्वनिक्षेपकांसारखे. वृंद काही बोलतो आणि थांबतो, मग बिवा आणि शाकुहाची बोलतात, एकत्र क्वचितच. आणि मधे एक वेळ अशी येते की सारा वृंद कित्येक मिनिटे हात आवरून बसतो आणि हे दोघेच वाजवीत राहतात. त्या भागाला नेहमीचे स्वरलेखनही नाही; आकृत्यांवरून वाजवावयाचे. पाहुण्याच्या घरी जाऊन यजमानाला गप्प बसवण्याचा हा प्रकार. पण यजमानाने तो मनापासून ऐकून घेतला.

आता मायुझुमी यांच्याकडे वळू. कारण याच सामग्रीतून त्यांनी दुसरी वाट काढली. त्यांना देवळांतील घंटांचे वेड होते. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात बसतात. घंटेचे बसत नाहीत, म्हणून तिचा नाद असा गहन आणि डळमळता. मायुझुमी यांनी निरनिराळ्या घंटांचे नाद यंत्राने तपासून त्यांतले घटक सूर काढले, ते वाद्यवृंदात वाटून दिले, आणि बौद्ध मंत्रपठणाची जोड देऊन १९५८ साली 'निर्वाण सिंफनी' रचली. वादक श्रोत्यांभोवती तीन ठिकाणी बसतात. आमच्या समजुतीने नव्या जपानी संगीतातील ही एक थोर कृती आहे. पण त्या घंटा पुढे कोठे गेल्या पाहा. १० ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला मायुझुमी यांनी यंत्रावर रचलेला घंटानाद क्रीडांगणात घुमला. राष्ट्राने आपल्या पुनर्जन्माची द्वाही त्या घंटांनी फिरवली. नंतरच्या वर्षांत मायुझुमी उजव्या राष्ट्रवादी चळवळीचे पुढारी झाले, आणि १९९७ साली निवर्तले. ज्याने अनोळखी माणसाच्या दाराशी पियानो पाठवला तोच हा उदार माणूस. त्यांना परंपरेत राष्ट्र ऐकू आले. ताकेमित्सु यांनी परंपरेतला नाद घेतला आणि ध्वज तेथेच सोडला. बांबूच्या सुईवर चोरून गाणे ऐकलेल्या माणसाला तो उचलणे शक्यच नव्हते.

तरी ताकेमित्सु यांना सोवळ्यात बसवावे असे आम्हांस वाटत नाही. १९७० साली ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे पोलाद उद्योगाच्या मंडपातील नादगृहाची कलाविषयक सूत्रे त्यांच्याच हाती होती. भिंतींत, छतात, श्रोत्यांच्या पायांखाली मिळून हजाराहून अधिक ध्वनिक्षेपक बसवलेले. सरकार आणि कारखानदार यांच्या या जत्रेत कलावंतांनी भाग घ्यावा की नाही, यावर जपानात तेव्हा बरेच रण माजले होते, आणि टीका करणारे सगळेच मूर्ख नव्हते. एवढ्या खर्चाचे यंत्र कोणा एकट्या संगीतकाराला परवडत नाही, हेही खरे. या पेचातून नंतरच्या पिढीलाही सुटका मिळाली असे दिसत नाही.

१९७३ साली ताकेमित्सु यांनी राजदरबारच्या गागाकु वाद्यवृंदासाठी रचना केली, आणि १९७९ साली ती वाढवून 'शरदाच्या बागेत' या अर्थाच्या नावाने पुरी केली. यात यंत्र नाही, पाश्चात्त्य वाद्य नाही. मात्र वादकांचे ताफे एकमेकांपासून दूर बसवलेले आहेत. एक ताफा वाजवतो आणि दुसरा अंधारातून, उशिराने, त्याचा प्रतिध्वनी असल्यासारखे उत्तर देतो. ही करामत फितीवर काम केलेल्या माणसालाच सुचावी. फीत नाही, कात्री नाही, तरी जुने दरबारी वादक तिच्या नियमाने वाजवीत आहेत! बिवासाठी त्यांनी पुढे फारसे लिहिले नाही. उत्तरायुष्यातील त्यांचे संगीत मऊ, बरेचसे पाश्चात्त्य वाद्यांचे, पावसाची आणि बागांची नावे घेणारे झाले. त्सुरुता १९९५ साली गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी ताकेमित्सु. योकोयामा २०१० पर्यंत होते.

ज्यांना हे संगीत ऐकावेसे वाटेल त्यांनी 'नोव्हेंबर स्टेप्स'पासून सुरुवात करू नये, असे आम्ही सुचवतो; पहिल्या पाच मिनिटांत धीर सुटण्याचा संभव आहे. आधी 'काइदान' पाहावा, निदान आंधळ्या वादकाची कथा तरी. मग नुसती बिवा आणि शाकुहाची असलेले 'ग्रहण' ऐकावे. ऐकताना घरात कोणी तंबोरा लावीत असेल तर त्याला थांबवू नये. दोन्ही नाद एकमेकांना ओळखतात.